आइमरसाहेबांच्या निळ्या छत्र्या

प्रिय बाल्झदादा, आणि हे पत्र दादाकडून मोठ्याने वाचून घेणाऱ्या वरच्या वाडीतल्या सगळ्या मंडळींनो,

ज्यांचा ओढा भर सभेत, डोळ्यांदेखत साठ वर्षांसाठी दुसऱ्याच्या घशात गेला, अशा आपणा सर्वांना व्हेरेनाचा नमस्कार. दादा, गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? मी ठणठणीत आहे, फक्त घसा बसलाय (सभेतलं माझं भाषण चाळीस मिनिटं झालं, सुरुवात लोकशाहीच्या जन्मापासून, म्हणजे अथेन्सपासून केली होती).

तू आला नाहीस म्हणून सांगते. ओढ्याचं पाणी आइमरसाहेबांच्या बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याला द्यायचं का, यावर मैदानात हात वर करून मतदान होतं. साहेबांनी भिंतभर जाहिराती लावल्या, फुकट सॉसेजं खिलवली. आपण बधलो नाही. मग त्यांनी गावाला छत्र्या वाटल्या. मोठ्या, निळ्या, 'दोन्ही बाजूंच्या मतदारांसाठी, प्रेमाने'. आणि आपल्या लोकांनी त्या घेतल्या! (ज्याच्याशी लढायचं त्याच्याच छत्रीखाली उभं राहायचं? मी त्यांना जे म्हटलं ते वहिनींसमोर वाचण्यासारखं नाही.)

रविवारी पाऊस कोसळला. कारखान्याची माणसं मेणकापडी टोप्या घालून पुढे, आपले सगळे छत्र्यांखाली. सभापती हात मोजत नाहीत, चबुतऱ्यावरून नजरेनेच अंदाज घेतात, तुला ठाऊकच आहे. "विरोधात कोण?" म्हणताच आपल्या लोकांच्या एका हातात छत्री, आणि दुसरा हात वर, पण छत्रीच्या आत! वरून दिसलं ते नुसतं निळं छप्पर. मी ओरडले, "अरे, मिटा त्या छत्र्या!" शेजारचा कास्पर म्हणतो, "बाई, कोट नवा आहे माझा." तेवढ्यात निकाल लागला, कारखान्याच्या बाजूने. आणि वर कडी म्हणजे, आइमरसाहेब मुद्दाम जवळ येऊन विचारतात, "व्हेरेनाबाई, भिजला नाहीत ना?"

मी सोडते की काय! तक्रार ठोकली, जिल्ह्याने फेरमतदान लावलं. ओढा गेला तर तुझ्या गायींचा हौद कोरडा पडेल आणि दुधावाचून माझी चीजची भट्टी थंडावेल. पण जाणार नाही. माणसं आपलीच जास्त आहेत, फक्त दिसायला हवीत.

तुझी,
व्हेरेना

ता.क. छत्र्या कुठे वाटल्या, हे कास्पर सांगेलच, म्हणून आधी मीच सांगते. माझ्या दुकानात. मीच, चीजबरोबर, एकशे चाळीस. (कापड खरंच चांगलं होतं.)

दुसरा ता.क. गुडघा दुखतो, हात तर नाही ना? येत्या रविवारी दहाला टोपी घालून मैदानात ये, वाडीला घेऊन ये, आणि तो हात वर कर.