डल्सीमावशीची पैज

ब्रिस्टल,
१२ जून १९८३

तीर्थस्वरूप डल्सीमावशीस,
टॅम्सिनचा सा. न. वि. वि.

पत्राला कारण नेहमीचंच, म्हणजे तू. घोट्याचं प्लास्टर निघाल्याचं कळलं, आनंद झाला. पण ते निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तू बंदरावर मासळी आणायला गेलीस हेही कळलं, आणि तो आनंद जरा आटला. कुणी कळवलं ते विचारू नकोस.

इथली मागची खोली तयार आहे. रूपर्टने स्वतः रंग दिला, पिवळा. खिडकीतून शेजाऱ्यांचं नाशपातीचं झाड दिसतं. समुद्र दिसत नाही, कबूल. पण जिनाही नाही. जानेवारीत तू त्या जिन्याखाली पडून होतीस आणि दूधवाला येईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता, हे आठवलं की अजून रात्री उठून बसते. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, वेण्या घातल्यास, फटकेही दिलेस. आता माझी पाळी आहे. फटके सोडून. ऑगस्टअखेर तू आमच्याकडे राहायला यायचंस, आणि ‘बघू’ हे उत्तर मी धरणार नाही.

त्याआधी आठवडाभर आम्ही सगळे एल्डरमाउथला येतो. रूपर्टने नकाशा जेवणाच्या टेबलावर अंथरलाय आणि त्यावरच जेवतो, त्यामुळे तुमच्या अर्ध्या डेव्हन परगण्यावर रस्सा सांडलाय. लहान मुलांना झेपतील अशाच वाटा शोधतोय म्हणतो. मात्र त्याच्या हिशेबी लहान मूल म्हणजे शिंगरू! नेल रोज विचारते, आजी कड्यावर येणार ना? मी म्हटलं, आजी बाकावर बसून हात हलवील.

काळजी घे. माझ्यावर राग असला तरी लोभ तसाच ठेव.
तुझी,
टॅम्सिन

एल्डरमाउथ,
१७ जून १९८३

चि. टॅम्सिनला अनेक आशीर्वाद, आणि रंग दिल्याबद्दल रूपर्टला थोडे जास्त.

बाकावर बसून हात हलवील? हे वाचून मी चहाचा कप इतक्या जोरात आपटला की कान तुटला. कपाचा.

पोरी, तुझी माया मला कळते. ती खरी आहे म्हणूनच मला तिची धास्ती वाटते. परक्याने ओढलं तर माणूस हात सोडवून घेतं, आपल्या माणसाने ओढलं तर मुकाट्याने मागे जातं. मला तसं मुकाट्याने जायचं नाही. म्हणून पैज लावते.

तुम्ही आलात की आपली ती गोल वाट करायची. बंदरावरून कड्यावर चढायचं, कडेकडेने खाली चिमुकल्या पुळणीवर उतरायचं, आणि परत येताना ओढ्याच्या काठाने ओकच्या जंगलातून, पेथरिकबाईच्या चहा-फराळाच्या बागेवरून घरी. तू पाच वर्षांची असताना मी तुला याच वाटेवर चालवलं होतं आणि तू सगळी वाट रडत होतीस. ती वाट मी माझ्या पायांनी पुरी केली, तर मी इथेच राहीन आणि तू पुन्हा जिन्याचं नाव काढायचं नाहीस. मला उचलावं लागलं, तर मी ट्रंक भरून तुझ्याकडे येईन, एक अक्षर कुरकुरणार नाही. निवाडा रूपर्टने द्यावा. तो कंटाळवाणा आहे, पण सच्चा आहे.

बाळ ह्यूला पापा. मोजून एकच, नाहीतर लाडावेल.
तुझी,
डल्सीमावशी

ब्रिस्टल,
१६ ऑगस्ट १९८३

ती. मावशीस सा. न.

घाईत लिहिते. ह्यूला कांजिण्या आल्या. तो आणि मी इथेच अडकलो. रूपर्ट आणि नेल शनिवारी येताहेत. पैज मला मान्य आहे, हे जूनमध्येच कळवलं होतं, पण तेव्हा मला वाटत होतं की तुझ्यावर नजर ठेवायला मी असेन. डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलंय, कड्यावर नव्हे, एवढं ध्यानात ठेव. तू हरावंस असं मला वाटतं, आणि तू हरलीस तर मला रडू येईल, असंही वाटतं. हे कुणाला सांगू नकोस.

टॅम्सिन

एल्डरमाउथ,
२३ ऑगस्ट १९८३

चि. टॅम्सिनला आशीर्वाद.

मी हरले. माळ्यावरची ट्रंक खाली काढून घेतली आहे. पिवळ्या रंगाला शोभतील असे पडदे मी बरोबर आणीन, तू विकत घेऊ नकोस, तुझी पडद्यांची निवड मला माहीत आहे.

कसं झालं ते विचारू नकोस. हवा छान होती. समुद्रापलीकडे वेल्स स्वच्छ दिसत होतं. आयुष्यात इतकी सुरेख हरले नव्हते.

डल्सीमावशी

एल्डरमाउथ,
२३ ऑगस्ट १९८३

प्रिय आईला नेलचा नमस्कार आणि ह्यूच्या प्रत्येक फोडाला एकेक नमस्कार.

आजी म्हणाली सगळं लिहू नकोस, पण मी लिहिणार आहे. पाकीट मी आधीच मागून ठेवलंय.

कड्यावर आजी सगळ्यांत पुढे होती. बाबा नकाशा वाचत होते, तर ती म्हणाली, समुद्र डाव्या हाताला ठेव की झालं, कागद कशाला? मग आम्ही झुडपांतल्या ब्लॅकबेरी खाल्ल्या आणि सगळ्यांच्या जिभा जांभळ्या झाल्या. बाबांची सगळ्यांत जास्त. खाली पुळणीवर आम्ही पाण्यात पाय बुडवून बटाट्याचं सारण भरलेल्या पेस्टी खाल्ल्या. सीगलने बाबांच्या पेस्टीचा बटाट्याचा तुकडा पळवला.

तिथे आजीने माझ्या कानात सांगितलं की पाय दुखतोय, तर तू दमल्यासारखं कर, म्हणजे आपल्याला मधूनमधून थांबता येईल. मी खूप छान दमले. बाबा म्हणाले, नेल, तू एवढी आळशी कशी झालीस! मी आणखी हळू चालायला लागले. आई, मला त्याबद्दल काहीतरी मिळायला हवं.

मग जंगलात दुसऱ्या लाकडी पुलापाशी आजी एका मुळावर बसली. मी नेचे बघतेय म्हणाली. खूप वेळ नेचे बघितले. बाबाही शेजारी बसले आणि नेचे बघायला लागले. मग ते हळूच म्हणाले, मावशी, मी तुम्हाला पाठीवर घेतो, टॅम्सिनला आपण काही कळवायचं नाही. आजीने त्यांच्या हातावर थोपटलं. म्हणाली, रूपर्ट, तू माझ्या वाटण्यापेक्षा फारच गोड आहेस, पण आमच्या घरातली माणसं तिरसट असतात, लबाड नसतात. वाजव ती गळ्यातली शिट्टी, कुणीतरी मदतीला येईल.

बाबांनी शिट्टी वाजवली आणि काय मज्जा झाली! पेथरिकबाई बागेतून एकचाकी हातगाडी ढकलत धावत आल्या. त्यात बटाटे होते, ते त्यांनी वाटेवरच ओतले. लाकडं तोडणारे सायलसकाका आले, त्यांचा कुत्रा आला, काठ्या घेतलेल्या दोन म्हाताऱ्या आल्या, पाद्रीबुवा आइस्क्रीम खातखात आले. सगळे एकदम म्हणाले, डल्सी, आता काय करून ठेवलंस? ती म्हणाली, नेचे बघत होते! गाडीत उशी टाकून तिला बसवलं, आणि गाडी कुणी ढकलायची यावर भांडण झालं. आजी राणीसारखा हात हलवत होती आणि सायलसकाकांना म्हणत होती, गाडी चालवतोस की नांगर?

चहाच्या बागेत बाबांनी स्कोन नावाच्या छोट्या पावावर आधी मुरंबा लावला आणि मग साय. इथे आधी साय लावतात, म्हणून सगळी बाग वळून त्यांच्याकडे बघायला लागली. पेथरिकबाई म्हणाल्या, बिचारा, ब्रिस्टलचा आहे.

आता खरी गोष्ट. आजी आत पायाला पट्टी बांधून घेत होती, तेव्हा बाबांनी पैजेचं सांगितलं. सायलसकाकांनी खूप मोठ्याने नाक शिंकरलं. मग म्हणाले, जानेवारीपासून आमच्यातलं कुणी ना कुणी रोज सकाळी तिच्या खिडकीखालून जातं. ती वरून खेकसली, की आम्ही पुढे जातो. खेकसली नाही, तर दार फोडून आत जायचं असं ठरलंय. एक दिवस तिचा घसा बसला होता, तर पाद्रीबुवांनी खरंच कडी तोडली. तिला वाटतं कडी जुनी होती. हे आजीला सांगायचं नाही. बाबांना पण नंतर नाक शिंकरावं लागलं.

तुझी गुणी (आणि अजिबात न दमलेली) मुलगी,
नेल

ब्रिस्टल,
२७ ऑगस्ट १९८३

ती. मावशीस,
टॅम्सिनचा सा. न. वि. वि.

ट्रंक पुन्हा माळ्यावर चढव. म्हणजे तू नको, कुणाला तरी चढवायला सांग.

झालं असं, की रूपर्टने परत येताच आपले मासेमारीचे गळ, जाळी आणि ते वास मारणारे बूट मागच्या खोलीत नेऊन टाकलेत. म्हणतो, आजवर घरात त्यांना जागाच नव्हती. आता तिथे माणसाने राहायचं म्हणजे अवघडच आहे.

मावशी, मी या गल्लीत नऊ वर्षं राहते. काल ह्यूच्या औषधाला निघाले तेव्हा मुद्दाम बघत गेले, माझ्या नावाने हाक मारणारं कोण भेटतं. औषधवाल्याने मारली, तीही चुकीच्या नावाने. तुझ्या त्या पुलापाशी काय घडलं ते नेलने कळवलंय. ते वाचून मी स्वयंपाकघरात आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले, आणि ह्यू अंगाला कॅलामाइन फासलेल्या अवस्थेत माझ्याकडे बघत बसला. पैज तू हरलीस हे खरं. पण मी जे जिंकले ते मला नको.

ऑक्टोबरात आम्ही चौघंही येतो. वाट तू म्हणशील ती.

लोभ आहेच, वाढायचा असेल तर इकडे भरपूर जागा आहे, गळ ठेवूनसुद्धा.
तुझीच,
टॅम्सिन

एल्डरमाउथ,
२ ऑक्टोबर १९८३

चि. टॅम्सिनला आशीर्वाद.

रूपर्टला गळ खोलीतून हलवायला सांग. हरलं की हरलं, मी दान घेत नाही. महिनाभर विचार केला आणि ठरवलं, की जानेवारी-फेब्रुवारी मी तुझ्याकडे काढीन. तेव्हा इथल्या वाटांवर चिखल असतो आणि माझं डोकंही फिरलेलं असतं. तुझ्या शेजाऱ्यांच्या नाशपातीला कळ्या आल्या, की मी परत. हा निवाडा मी स्वतः दिलाय, त्यावर अपील नाही.

इथे सगळं ठीक आहे. फक्त गावाला झालंय काय ते कळत नाही. रोज सकाळी कुणीतरी रिकामटेकडं माझ्या खिडकीखाली येऊन रेंगाळतं. परवा पाद्रीबुवाच होते. मी म्हटलं, बुवा, देवाची कामं संपली का? तर माणूस किती खूश होऊन गेला! म्हातारपणी लोक चळतात म्हणतात, ते खरं असावं.

पाय सुधारतोय. पहिल्या पुलापर्यंत जाऊन येते. तिथपर्यंतचं जंगल आता पिवळं पडलंय, ओढ्याला पाणी आलंय आणि पायाखाली ओकची फळं कुरकुरतात. काल सायलस सांगत होता, की पुळणीवर एका सीलला पिल्लू झालंय. पांढरंशुभ्र, आणि ओरडतं असं की पाच वर्षांची तूच! पुळणीवर उतरायचं नाही, त्याची आई बुजेल. पण कड्याच्या पहिल्या वळणावरून दुर्बिणीने दिसतं. तुम्ही या, मग बाळ ह्यूला मांडीवर घेऊन दाखवीन.

पत्र इथेच थांबवते. पेथरिकबाई फाटकाशी उभी आहे, दुर्बीण घेऊन, आणि मला उशीर झाला म्हणून रस्ताभर ओरडतेय. मी बूट घालते.

तुझी,
डल्सीमावशी