चौथ्या तारेखाली

३ ऑगस्ट, रवि.
बास गिटारची कॅब, म्हणजे स्पीकरचं खोकं, झाली एकदाची. अठरा मिमीचा प्लाय, बारा इंची स्पीकर, हवा सोडायला पीव्हीसी पाइपचा पोर्ट, आत मुग्धाच्या दोन जुन्या उशांचा कापूस. (तिच्या मते उशा जुन्या नव्हत्या. नवरा-बायकोचं भांडण झालं, मिटलं.) आधीच्या दोन कॅब नुसतेच खोके होते. ही बोलते. बास पोटात येतो.
पण ए हा सूर वाजवला की कुठेतरी भण्ण. फक्त ए. चौथ्या, सगळ्यात जाड तारेवर पाचव्या फ्रेटला, म्हणजे गळ्यावरच्या पाचव्या पट्टीला, बोट ठेवलं की भण्ण. चौथ्याला नाही, सहाव्याला नाही. सगळे स्क्रू आवळले, जाळी काढून पाहिली. आहेच.
मंडळाच्या गणपतीतला कार्यक्रम ३० ला. त्याआधी हे निघायला हवं.

५ ऑगस्ट, मंगळ.
शेजारचं घर पाडून झालं, आता तळघरासाठी खणताहेत. मशीन सकाळी आठला सुरू. ऑफिसच्या कॉलवर सगळ्यांनी विचारलं, तुझ्याकडे काय चाललंय.
जिन्यात सरोजाक्का. आमच्या घरमालकीणबाई, खाली एकट्या राहतात. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाल्या. जन्मभर कानाला हेडफोन, तेव्हा त्या कानांपासून काही लपत नाही.
"अभय, तुझ्या एका सुराला माझ्या कपाटातल्या बश्या नाचतात रे. बाकीच्यांना नाही. तेवढाच एक."
सॉरी म्हटलं.
"सॉरी कशाला? वाजव की. घरात स्वल्प आवाज पाहिजे."
तीन पिढ्या कानडी मुलखात, इथे चामराजपेटेत, म्हणून मराठी असं. जागा देताना एवढंच विचारलं होतं, घरात मराठी बोलता ना. बास वाजवतो म्हटल्यावर पुण्यात लोक दार लावतात.

९ ऑगस्ट, शनि.
संदीप आला, बँडचा गिटारवाला, नागपूरचा. मारतहळ्ळीहून इथवर यायला दीड तास लागला, आल्या आल्या शिव्या. भणभण शोधायची आमची पद्धत ठरलेली: एकाने सूर धरून ठेवायचा, दुसऱ्याने हात टेकवत फिरायचं. जिथे हात ठेवल्यावर आवाज थांबतो, तिथे चोर.
मी ए धरला. तो कॅबची मागची फळी, खिडकीचे गज, ट्यूबलाइटची पट्टी, सगळं चाचपत गेला. शेवटी मागच्या खोलीत कपाटाच्या कडेने आत हात घालून भिंतीला लावला. थांबलं. हात काढला, भण्ण.
"अबे, तुझा डबा साफ आहे. भिंत वाजून राह्यली."
कपाट सरकवलं. केसाएवढी भेग, जमिनीपासून खांद्यापर्यंत. खड्ड्याच्या बाजूची भिंत.

१० ऑगस्ट, रवि.
गोंदात प्लायचा भुसा कालवला, कॅबच्या सांध्यांत भरतो तसाच, आणि भेगेत भरला. पट्टीने सारखा केला, वरून पांढरा रंग. वाळल्यावर ए लावला. स्वच्छ! अर्धा तास नुसता ए वाजवत बसलो होतो.
मुग्धा : "अक्कांना सांगितलंस का?"
म्हटलं, कार्यक्रम होऊ दे. खरं कारण मलाच माहीत आहे. भेग बघितली की त्या म्हणणार, वाजवणं बंद कर. घर दुसरं मिळेल, "वाजव की" म्हणणारं माणूस मिळायचं नाही.
कपाट परत जागेवर.

१७ ऑगस्ट, रवि.
पुन्हा भणभण. गंमत म्हणजे ए ला काही नाही, आता जी ला. चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट. कपाट हलवलं, पुन्हा भुसा आणि गोंद. मागच्या वेळी चमचाभर लागला होता, आज वाटीभर गेला. बंद झाली. कॅबला दोन हँडल लावली. छान दिसतात.

२० ऑगस्ट, बुध.
अक्का चिवडा घेऊन वर आल्या. खुशीत होत्या.
"बश्या गप्प झाल्या बघ. मी उगीच त्या शेजारच्या कंत्राटदाराशी भांडत होते, माझं घर हलतंय म्हणून. आता कुठं हलतंय? ह्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं घर आहे. सरी, बरं म्हटलं, हरकत नाही म्हणून सही करून दिली त्याला आज. दोन तळघरं काढायचीत म्हणे, अजून खोल जाणार."
मुग्धा माझ्याकडे बघत होती. मी चिवड्याकडे.
तेव्हा, त्याच क्षणी सांगायला हवं होतं. बश्या घर सावरल्यामुळे नाही, मी बोळा कोंबल्यामुळे गप्प झाल्यात. भित्रा आहे मी. दुसरा शब्द नाही.

३० ऑगस्ट, शनि.
कार्यक्रम झाला. हॉल भरलेला, आवाज बरा, कॅबने लाज राखली. दुसऱ्या गाण्यात ढोलकीबरोबर जमलं तेव्हा समोरची म्हातारी मंडळीसुद्धा मान हलवत होती. अक्का पहिल्या रांगेत, मुग्धाच्या शेजारी. नंतर म्हणाल्या, "पोटात वाजतं रे तुझं. आमचे हे असते तर खोका उघडून बघितला असता." लोकांनी विचारलं, कुठून घेतली कॅब. घरी केली म्हणताना छाती फुगली, खोटं कशाला बोलू. तीन तास त्या भिंतीची आठवण आली नाही.

३१ ऑगस्ट, रवि.
कॅब परत आणून लावली. एफ. पहिला फ्रेट.
कपाट हलवलं. माझी भुशाची पट्टी वरपासून खालपर्यंत मधोमध तडकलीय. हा गोंद लाकडापेक्षा घट्ट असतो. लाकूड फाटतं पण सांधा सुटत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असतो.
बाथरूमचं दारही खाली घासतंय. मुग्धा म्हणाली, हवेने फुगलं असेल. तिलाही ते खरं वाटत नव्हतं. भुसा भरला नाही. हातच जाईना.

७ सप्टें., रवि.
आज ई. मोकळी तार, बोट ठेवायचं कामच नाही.
पाचवा, तिसरा, पहिला, मोकळी. सूर दर वेळी आणखी खाली. हे काय चाललंय ते बघायला कॅबची मागची फळी घेतली. सगळे स्क्रू आवळून बोटाने टकटक केलं. मग चार स्क्रू काढून. सूर उतरला. आणखी चार काढले. आणखी उतरला. फळी जितकी सुटी, सूर तितका खाली. दहा वर्षं कॅब करतोय, मला हे कोणी शिकवायला नको होतं.
भिंतीचे स्क्रू निघताहेत. महिनाभर मी ते सुरात ऐकतोय आणि बोळे भरतोय.
फळी तशीच सोडली.

१० सप्टें., बुध.
शेजारच्या सुपरवायझरला गाठलं. खड्ड्याच्या कडेला उभं राहून खाली पाहिलं. आमच्या पायाचे दगड उघडे दिसतात. म्हटलं, काम थांबवा, भिंतीला भेग आहे. त्याने मोबाइलवर कागदाचा फोटो दाखवला.
"अम्मा सही माडिद्दारे, सार."
अम्मांनी सही केलीय. खाली अक्कांचं वळणदार नाव.
मुग्धाने बॅग भरली. संदीपकडे एक खोली रिकामी आहे. "पण अक्कांना घेतल्याशिवाय मी निघणार नाही," म्हणाली. खाली गेलो, दोघांनी समजावलं. अक्का हसल्या. "दार घासतं म्हणून कोणी घर सोडतं का? बश्या बघ की, हलतात का?" (रविवारपासून मी वाजवलंच नाही, हलणार कशा.) मी तोंड उघडलं आणि म्हणालो, पण जपून राहा. जपून राहा! काय पण सल्ला. जिन्यात मुग्धा म्हणाली, "तू सांगत नसशील तर मी सांगते." चार दिवस मागितले.

१४ सप्टें., रवि.
ई शांत. एफ शांत. जी, ए, सगळे शांत. वरपासून खालपर्यंत तीनदा वाजवलं. भिंतीला हात लावून मुग्धा उभी होती, तिच्या हातालाही काही नाही. दोघं हसत सुटलो. मशीनसुद्धा गेले दोन दिवस बंद आहे. जमीन बसली असेल, भिंत टेकली असेल. घरं बसतात म्हणतात. मुग्धाने बॅग रिकामी केली. संध्याकाळी अक्कांकडे जेवायला, बिसीबेळे भात. "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणाल्या. आता सांगायची गरजच काय, असं वाटून गेलं.

१६ सप्टें., मंगळ.
कॉल चालू होता, कोणीतरी आलेख दाखवत होतं, खाली खाली जाणारी रेघ. रेघ कागदाच्या कडेला पोहोचली आणि संपली. आणि मला धडकन कळलं. ई ही माझी शेवटची तार. त्याखाली माझ्याकडे सूरच नाही. भणभण थांबलेली नाही. ती माझ्या हाताखालून निसटलीय.
मशीन पुन्हा सुरू झालंय.
संदीपला फोन. त्याच्या माळ्यावर जुना पाच तारांचा बास पडलाय, पाचवी तार ई च्याही खाली जाते. शनिवारी आणतो म्हणाला. तोवर मुग्धा पुढच्या खोलीत झोपू म्हणतेय. झोपू.

२१ सप्टें., रवि.
मशीनला सुट्टी. रस्ता इतका शांत की फुलवाल्याची हाक ऐकू येत होती.
मुग्धा अक्कांना वर घेऊन आली. मी कपाट सरकवलं. भेगेत आता बोट जातं. भुशाची पट्टी सुटून खाली पडलीय. सगळं सांगितलं, ए पासून. कुठे भरलं, कधी, का. तुम्ही वाजवणं बंद कराल म्हणून, हेही.
अक्कांनी भेगेत बोट घालून बघितलं.
"जन्मभर लोकांच्या लायनी जोडल्या मी," मग म्हणाल्या. "माझीच तू तोडलीस." आणि, "सही माझी आहे. ती आता कशी पुसायची?"
मला रडू आलं. त्यांना नाही.
"वाजव," म्हणाल्या. "कुठं आहे तो सूर, ऐकू दे."
संदीपने काल आणून दिलेल्या बासच्या पाचव्या तारेवर एकेक फ्रेट खाली आलो. डी ला काही नाही. सी ला खालून अक्कांच्या कपाटातल्या बश्या वाजू लागल्या, सगळ्या एकदम. सूर धरून ठेवला. अक्का भिंतीजवळ गेल्या, तळहात पसरून दाबून ठेवला. एक्स्चेंजमध्ये ऐकत असतील तशी मान तिरकी.
"हात ठेवला की थांबतं म्हणालास ना?"
हो म्हटलं.
"हे थांबत नाही रे."
मुग्धानेही दोन्ही हात लावले. मी तार सोडून दिली. सूर संपला, तरी बश्या अजून जराशा वाजत होत्या.
अक्का खाली गेल्या. आता खालून कपाट उघडल्याचा आवाज येतोय, मग एकेक बशी काढून ठेवल्याचा. निघायला म्हणून बांधताहेत, की वाजू नयेत म्हणून नुसत्या जमिनीवर मांडताहेत, ते इथून कळत नाही. मुग्धा मदतीला गेलीय. मी कॅबच्या वायरी काढल्या. उद्या सकाळी आठला मशीन सुरू होईल.