एज्रा वाचल्यावर

सोलापूर, शनिवार

शमुवेल भावजींना मार्थाचा सलाम.

फोनवर तुम्ही म्हणालात, "वहिनी, बायबलातलं एज्राचं पुस्तक वाचा. परक्यांपासून वेगळं व्हायला सांगितलंय." आमच्या रेबेकानं बौद्ध घरातल्या यशपालशी लग्न केलं, म्हणून उद्या तिच्या पप्पांच्या स्मरणप्रार्थनेला तिनं घरच्यांत बसू नये, असं तुमचं म्हणणं.

मी वाचलं. यांचा हिब्रू कोशही काढला. तुमचं खरं आहे, शब्द तिथं आहे. त्या क्रियापदाची दोन रूपं आहेत: हिव्दील म्हणजे वेगळं करणं आणि निव्दाल म्हणजे स्वतः वेगळं होणं. पण उत्पत्तीच्या पहिल्याच पानावरही तेच क्रियापद आहे. देवानं उजेड अंधारापासून वेगळा केला. मग अंधारालाही रात्र असं नाव दिलं आणि त्यालाही ठेवलं. तिथं मी बराच वेळ थांबले. कोणता अर्थ कुठं लावायचा ते मला ठरवता येत नाही. हे असते तर यांना विचारलं असतं.

रेबेका म्हणते, "आई, मी गेटपाशी उभी राहते की. पप्पांना चालंल."

पप्पांना चाललं नसतं, हे तुम्हीही जाणता. शेवटच्या आजारात त्यांना पेज भरवायला यशपालच बसायचा.

हे पत्र मी पाठवणार नाही. उद्या चर्चमध्ये पुढच्या बाकावरची माझी जागा रिकामी दिसेल आणि मी लेक-जावयाजवळ गेटपाशी दिसेन. तेवढं तुम्हाला पुरे.

तुमची वहिनी,
मार्था