काउंटरवर मी उभा राहिल्यापासून

सोमवार, ५ ऑगस्ट

शहरात, नेआफूला, ग्राहकसेवेचं वर्कशॉप होतं. चहा, केक, शेवटी सर्टिफिकेट. शिकवणाऱ्या बाई न्यूझीलंडहून आलेल्या. त्यांनी विचारलं, दुकान कशावर चालतं? मागून कुणीतरी म्हणालं, पिठावर. सगळे हसले. मी हसलो नाही. माझं उत्तर तयार होतं. प्रेमावर, म्हणालो. बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर, सर्व्हिसवर." म्हणजे एकच.

परतीच्या बसमध्ये खूप विचार केला. आमचं दुकान बारा वर्षं लुपेच बघते. बायको म्हणून गुणी आहे, पण काउंटरवर तिची तऱ्हा काय? गिऱ्हाईक दारात आलं की, "बोल गं पटकन, चुलीवर कसावा आहे माझा." हसू नाही, स्वागत नाही. आजवर दुकान टिकलं ते केवळ प्रभूच्या कृपेने.

आता तेवढ्यावर भागणार नाही. शहरातला ठोक व्यापारी आमच्या गावात एक मोठा फ्रीझर ठेवणार आहे. दुकानं दोन, आमचं आणि सेमिसीचं. महिनाअखेरीस त्याचा माणूस फिफिता येऊन दोन्हीकडे बसून बघणार. जिथे वर्दळ, तिथे फ्रीझर. लुपे म्हणते, कोंबडी तिकडे मिळायला लागली की लोक पीठसाखरही तिकडूनच नेतील, आणि ख्रिसमसला आपण कुलूप लावू. बायका फार लवकर घाबरतात.

ठरलं. उद्यापासून काउंटरवर मी.

त्याच दिवशी, संध्याकाळी

लुपेला सांगितलं. "तुम्ही? काउंटरवर?" असं दोनदा विचारलं. आनंदाने, असं वाटलं. मग म्हणाली, "अहो, निम्मं गाव तुमच्या बहिणी आहेत. चुलत, मावस, आते. त्या तुमच्यासमोर काय काय मागणार?" भावाबहिणीने एका खोलीत बसायचं नाही, एकमेकांपुढे आतल्या कपड्यांचं नाव काढायचं नाही, हे सगळं मला नव्याने ऐकवलं. मी शांतपणे समजावलं, ते घरात. काउंटरमागे मी भाऊ नाही, दुकानदार आहे.

ती उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.

मंगळवार, ६ ऑगस्ट

प्रार्थना करून दुकान उघडलं. ग्राहकाचा मान राखायचा म्हणून काळा शर्ट घातला आणि आमच्या रीतीप्रमाणे कमरेला चटई गुंडाळली. माझी छोटी चटई उंदरांनी खाल्ली आहे, म्हणून वडिलांची मोठी, जुनी, सुतकात नेसतात तसली.

पहिली आली मावसबहीण फुसी. मला बघितलं, तोंडावर हात ठेवला आणि पिठाच्या पोत्यावर बसून रडायलाच लागली. "कोण गेलं, दादा?" मी म्हणालो, कुणी नाही. मी लपवतोय असं वाटून ती आणखी रडली. दुपारपर्यंत तीन घरचे लोक यामचे कंद घेऊन भेटायला आले. लुपेने एकेकाला समजावून परत पाठवलं.

पहिल्याच दिवशी एवढी माणसं! तिच्या काळात सकाळी अशी गर्दी कधी झाली होती?

उद्या साधा शर्ट.

गुरुवार, ८ ऑगस्ट

बाईंची पद्धत: नाव घेऊन स्वागत करा, हसा, गरज समजून घ्या, निवडीचं कौतुक करा.

चुलतबहीण वाइओला आली. तिचं लक्ष वरच्या फळीकडे होतं. तिथे बायकांच्या उपयोगाची पाकिटं असतात. मी हसलो. प्रेमाने विचारलं, "काय हवंय वाइओला? कुणासाठी? माप काय?" ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आगपेटी, दादा." मी म्हणालो, उत्तम निवड. ती जवळजवळ पळतच गेली. कामात असेल.

मग फुसी. आगपेटी. मग पाद्रीबाबांची सून, तीही आमच्या वडिलांकडून बहीणच लागते. तिनेही आगपेटी.

एक गोष्ट ध्यानात आली. मी नीट स्वागत केलं की बाई आगपेटी घेतल्याशिवाय जात नाही. लुपेला बारा वर्षांत हे जमलं नव्हतं.

शनिवार, १० ऑगस्ट

आगपेट्यांची तीन खोकी मागवली. लुपे म्हणाली, "गाव पेटवायचंय का?" तिची विनोदबुद्धी परत आली, हे चांगलं लक्षण.

पुरुषही माझ्याकडे सिगारेट मागेनासे झाले आहेत. मी चर्चचा कारभारी, माझ्याकडे कशी मागणार? आत डोकावतात, मला बघतात, हवापाण्याचं बोलतात आणि जातात. नुसत्या सहवासाने व्यसन सुटतंय. विक्रीत हे दिसत नाही, पण वर कुठेतरी मांडलं जात असेल.

रविवार, ११ ऑगस्ट

दुकान बंद. प्रवचन नम्रतेवर होतं. सबंध वेळ सेमिसी डोळ्यांपुढे होता.

सेमिसी दूरच्या हापाई बेटांवरचा. आमच्या गावचा जावई, इथे त्याचं रक्ताचं कुणी नाही. टोपी डोळ्यांवर ओढून खुर्चीत पडलेला असतो. "या" म्हणत नाही, "बसा" म्हणत नाही. काल त्याच्या दारात आठ-दहा बायका दिसल्या. बिचाऱ्या. चांगली वागणूक म्हणजे काय हे ज्यांना कधी कळलंच नाही, त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

बुधवार, १४ ऑगस्ट

सेमिसीच्या दुकानावरून सहज गेलो. (अभ्यासासाठी.) फुसी आत होती. तिने हळूच काहीतरी सांगितलं. त्याने डोळेही न उघडता हात वर केला, फळीवरून एक पाकीट काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, पुढे सरकवलं. एक शब्द नाही! आणि फुसी मात्र बाकीच्या बायकांशी खिदळत बाहेर आली.

मला बघून सगळ्या एकदम गप्प झाल्या. ताठ उभ्या राहिल्या. हा माझ्याविषयीचा आदर.

बाईंनी सांगितलं होतं, ग्राहकाची नंतरही चौकशी करत राहा. म्हणून विचारलं, "काय घेतलंस, फुसी?" तिने पुडकं पाठीमागे धरलं आणि म्हणाली, "आगपेटी, दादा."

सेमिसीकडे जाऊनसुद्धा माझा सल्ला विसरली नाही. मन भरून आलं.

शनिवार, १७ ऑगस्ट

लुपेने मागच्या पडवीत चटया विणायचं काम सुरू केलं आहे. दुपारभर बायका येतात. हसणं काय, ओरडणं काय. एकदा लुपेचा आवाज आला, "हे तुझ्या कमरेला? तीन जणी मावतील गं त्यात!" आणि मग जो काही दंगा झाला! चटई कमरेलाच गुंडाळतात, तेव्हा मापं काढत असाव्यात.

बायका रिकाम्या टोपल्या घेऊन येतात, भरलेल्या घेऊन जातात. विणकामाला सामान बरंच लागतं.

दुकानाचा गल्ला मात्र वाढतो आहे. सबंध दिवस फक्त आगपेट्या गेल्या तरी पेटीत पैसे चांगले निघाले. वरच्या फळीवरची पाकिटंही आपोआप कमी होतात. उंदीर असतील. पैसे मात्र सर्व्हिसचेच.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

आरशासमोर हसण्याचा सराव. जबडा दुखतो. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या.

लुपे म्हणते, फिफिता येईल त्या दिवशी मी मळ्यात जावं, यामची लागण राहिली आहे. मी म्हणालो, याम वाट बघतील. "याम बघतील हो," ती म्हणाली, "फिफिता नाही बघणार." आणि ताट जरा जोरात ठेवलं.

गुरुवार, २९ ऑगस्ट

उद्या परीक्षा. लुपेने आज पुन्हा विषय काढला, पण भांडली नाही. शेजारी येऊन बसली. म्हणाली, "अहो, या दुकानाशिवाय मला या गावात काय आहे? माझी माणसं तिकडे एउआ बेटावर. इथे ज्या कुणी माझ्याशी बोलतात त्या या दुकानामुळे. मला तो फ्रीझर हवाय हो. एक सकाळ काउंटर मला द्या."

तिचे डोळे भरले होते. मलाही कसंसंच झालं. पण ऐन वेळी ओझं बायकोच्या डोक्यावर टाकून आपण मळ्यात जायचं, हे काही मला पटेना. मी म्हणालो, देवावर सोड आणि माझ्यावर सोड.

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "देवावर सोडते." आणि उठून माझ्या थोरल्या बहिणीकडे, तोआकासेताईकडे गेली. मीठ संपलं असेल. पण मीठ तर दुकानात आहे.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

फिफिता आठला आला. जाडजूड, घामाघूम माणूस. त्याला खुर्ची दिली, शहाळं दिलं. तो शहाळं पीत बसला, मी हसत उभा राहिलो.

बराच वेळ कुणी नाही. मग वाइओला. आगपेटी. मग फुसी. आगपेटी. फिफिताने मला विचारलं, "तुमच्या गावात अजून वीज आली नाही का?" मी म्हणालो, आली आहे, ही सर्व्हिसची कमाल आहे. त्याने मान हलवली. कोणत्या दिशेने ते नीट कळलं नाही.

रस्त्यापलीकडे विलायती फणसाच्या झाडाखाली बायका जमल्या होत्या. वीस-पंचवीस तरी. टोपल्या हातात. मी दारात जाऊन एकेकीचं नाव घेऊन प्रेमाने हाक मारली. सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं. एकही रस्ता ओलांडेना.

फिफिताने शहाळं खाली ठेवलं. म्हणाला, "बरं. मी आता त्या दुसऱ्या दुकानात जातो." मागच्या दारात लुपे उभी होती. तिने नुसता पदर तोंडाला लावावा तसं टॉवेलाचं टोक तोंडाशी धरलं. माझं हसू उतरलं. पहिल्यांदाच. मी मनात म्हणालो, प्रभू, मी काही चुकलो असेन तर, म्हणजे चुकलो असेन असं नाही, पण तरी.

आणि दारात तोआकासेताई.

ताईने या दुकानात कधी पाऊल ठेवलेलं नाही. दुकान भावाच्या घराला लागून, म्हणून. आज उंबरठ्यात उभी राहिली आणि कुणाकडेही न बघता, फळीला सांगावं तशी म्हणाली, "मला जरा निवांत बघायचंय."

एवढ्याशा खोलीत थोरली बहीण आल्यावर भाऊ थांबत नाही. हे काही वर्कशॉपवाल्या बाईंना माहीत नसणार, पण ते वर्कशॉपच्या आधीपासून आहे. मी मान खाली घालून मागच्या दाराने बाहेर पडलो. डुकरांच्या कुंपणापाशी जाऊन बसलो.

तिथून ऐकू आलं. आधी पावलं, मग चर्चमध्ये सगळे एकदम उठतात तसा आवाज. आणि त्यावर लुपे: "बोल गं पटकन! तुझं काय? तेच ना? अगं, नाव कशाला घेतेस, दिलं! तू मागे हो, परवाच नेलंस, खाल्लंस की काय?" हसण्याने पत्रे वाजत होते. फिफिता बाजूला सरकण्यासाठी जागा मागत होता.

मला आत जाऊन स्वागत करायची फार इच्छा होती. पण ताई अजून बघत होती. दुपारपर्यंत बघत होती. काही घेतलं नाही म्हणे.

शनिवार, ३१ ऑगस्ट

फ्रीझर आपल्याला! फिफिता लुपेला म्हणाला, सेमिसीकडेही जाऊन आलो, पण अशी गर्दी या बेटावर बघितली नाही. माझं नाव घेतलं नाही. घाईत होता.

मी शांतपणे विचार केला. महिनाभर मी जे स्वागत पेरलं ते नेमकं त्याच वेळी उगवलं. पेरणारा डुकरांपाशी बसलेला असतो, हे शेतीत नेहमीचंच.

लुपे स्वतः विणलेली सगळ्यात सुंदर चटई घेऊन ताईकडे गेली. कारण विचारलं नाही. नणंद-भावजयीत गोडी राहावी, आणखी काय पाहिजे?

गुरुवार, ५ सप्टेंबर

फ्रीझर आला. पांढराशुभ्र. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, तेवढा वेळ तो बंद ठेवला होता, कारण घुरघुरतो.

ताई आता रोज लुपेच्या मदतीला काउंटरवर बसते. त्यामुळे मला दुकानात जाता येत नाही. लुपेने माझ्याकडे बाहेरची जबाबदारी सोपवली आहे. बाहेर म्हणजे याम, डुकरं आणि पाण्याची टाकी. म्हणाली, "तुमच्यासारखा माणूस बाहेरच हवा." इतक्या वर्षांत इतकं कौतुक तिने पहिल्यांदा केलं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

एक अडचण. माझ्या चड्ड्यांची इलॅस्टिकं एकाच आठवड्यात गेली. नव्या घ्यायला हव्यात. स्वतःचं दुकान आहे, माल आहे, पण काउंटरवर ताई. लुपेकरवी मागवावं तर ती पाकीट काढणार ताईच्या डोक्यावरून. दोन दिवस एका हाताने कंबर धरून यामची लागण केली.

आज शेवटी सेमिसीकडे गेलो. मनात जरा धास्ती होती. तो हसेल, विचारेल, "काय हो, तुमच्या दुकानात नाहीत?"

टोपी डोळ्यांवरच होती. मी हळूच सांगितलं. त्याने हात वर केला, पाकीट काढलं, मला एकदा वरून खाली बघितलं असावं, कारण ते ठेवून दुसरं मोठं काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळलं. पुढे सरकवलं. तोंड भिंतीकडे वळवलं.

एवढंच. नाव घेतलं नाही, हसला नाही, कुणासाठी म्हणून विचारलं नाही. सर्व्हिस शून्य.

घरी येताना अंग हलकं हलकं वाटत होतं. का ते कळलं नाही. त्याच्याकडे पंखा आहे, त्यामुळे असेल. त्याला दोन गोष्टी शिकवाव्यात असं आधी वाटलं होतं, पण नको. राहू दे त्याला तसाच.

फ्रीझर आपल्याकडे आल्यापासून त्याच्या दुकानात म्हणे फार कुणी जात नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत सेमिसीचं दुकान चालू राहावं म्हणून देवाकडे मागणं मागितलं. मनातल्या मनात. लुपे शेजारीच होती.