बाई कोण?

शनिवार, ११ डिसेंबर १९९९

सून शाळेत शिकवते. दर शनिवारी राहुरीला जाऊन कॉम्प्युटरवरून गावोगावच्या मास्तरांशी पत्रापत्री करते. आज तिला सांगणारच होते, बंद कर हे, घर कुणी बघायचं?

तर ती कागद नाचवतच आली. तिच्या वर्गातल्या पोरांना सत्तेचाळीस कळंना, तवा मी शेंगा मांडून 'दोन विसा न् सात' दाखवलं हुतं. तिनं ते तिकडं कळवलं. एका मास्तरनं विचारलंय, "शंभराच्या पुढं बाई कसं शिकवतात?"

"मग सांग की त्याला."

"आत्या, बाई म्हंजे तुमी."

मी? दुसरीतच शाळा सुटली माझी. बाई म्हणे.

तवापासून शेंगा मांडतेय. पाच विसा, सहा विसा... शनिवारी तिला जावंच लागंल, मास्तर खोळंबलाय.