ळ ची दांडी

बुऱ्हाणपूर,
ता. १२ फेब्रुवारी १९५७

ती. दादांस,
कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

आई आणि मी ठीक आहोत. तिचा खोकला आहे तसाच. हे पत्र रागात लिहिते आहे, तेव्हा आधी पाणी प्या आणि मग वाचा.

कचेरीत नेते त्या बाबांच्या टाइपरायटरचा ळ अडकतो. दिवाळीपासून हेच चाललंय. दाबला की दांडी अर्ध्यावर जाऊन उभी राहते, मग बोटाने खाली ओढायची. काल निंबोल्याचे उखर्डूभाऊ गारपिटीने केळी गेल्याचा अर्ज करवून घ्यायला कचेरीत आले होते. मी कंटाळून ळ च्या जागी ल मारत गेले, आणि कागदावर आलं, "माझी सगली केली गेली." उखर्डूभाऊंनी वाचून विचारलं की बाई, माझी काय केली आन कोनी केली? सगळी कचेरी हसली. मला मात्र यंत्र उचलून तापीत टाकावंसं वाटलं.

खरी गोष्ट पुढेच आहे. एकतीस मार्चच्या आत मला कायम करायचं की नाही ते ठरणार. नोव्हेंबरात नवं राज्य झाल्यावर हिंदीत नवी नोंदवही केली, तीत मला 'कोकिला' करून टाकलंय. शाळेच्या दाखल्यावर कोकिळा. साहेब म्हणतात, माझं नाव कोकिलाच आहे असा टाइप केलेला अर्ज दे, म्हणजे झगडा मिटेल. वर असंही म्हणतात की ते अक्षर तुझ्या मशीनलाही येत नाही. प्रभाकरकाका आता आमच्या कचेरीचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क झालेत. बाबांचे एवढे मित्र, पण तेही मान खाली घालून लिहून दे म्हणतात. मी देणार नाही. नोंदवही सुधारा असा अर्ज देणार, आणि तो ळ सकट टाइप करून देणार.

तुम्ही नागपुरात दिवसभर हीच यंत्रं दुरुस्त करता. काय करू ते सविस्तर लिहा. आईचे आशीर्वाद. राग उतरला की लोभाचं लिहीन.

तुमची,
कोकिळा


नागपूर,
ता. १७ फेब्रुवारी १९५७

चि. कोकिळा हिस,
लीलाधरचे अनेक आशीर्वाद.

पाणी पिऊनच वाचलं, तरी ठसका लागलाच.

आपल्या गावात जिनिंगच्या कापसाचे तंतू सगळीकडे उडतात. ते दांडीच्या खाचेत बसतात आणि त्यात कुणी तेल घातलं तर चिकटा होतो. तेव्हा तेलाचा थेंबही नको. जुना दात घासायचा ब्रश स्पिरिटात बुडवून खाच घास, पुसून कोरडी कर, दांडी वीस-पंचवीस वेळा वरखाली कर. एकदा नाही सुटली तर पुन्हा कर. तरीही नाही सुटली तर धातू झिजलाय असं समज. यंत्र म्हातारं आहे.

आणि तोवर ल लिही की गं! माझ्या नावात दोन ल आहेत, माझं काय बिघडलं? नोकरी हातात आहे, ती एका अक्षरापायी घालवू नकोस. काका तुझ्या भल्याचंच सांगतात. आईला आल्याचा रस देत जा. तुझ्या रागासकट तुझ्यावर माया आहे.

तुझा,
दादा


बुऱ्हाणपूर,
ता. २४ फेब्रुवारी १९५७

दादांस,
नमस्कार. बाकीची अक्षरं आज हाताला येत नाहीत.

तुमच्या सांगण्याप्रमाणे तीन वेळा स्पिरिटने घासलं. कापूस निघाला, दांडी तशीच. मग माझ्याच मनात आलं, घाण असती तर शेजारच्या दांड्याही अडकल्या असत्या. हीच एक का? पातळ कागदाची चिंधी घेऊन खाचेत दांडीच्या दोन्ही अंगांनी घातली. डावीकडून सरकन गेली, उजवीकडे शिरेचना. म्हणजे दांडी वाकडी. उजेडात धरली तर तिच्यावर पकडीच्या दातांचे वण. मधल्या एका दाताचा वणच नाही. बाबांनी तुम्हाला दिलेल्या पकडीचा मधला दात तुटका आहे.

दिवाळीत यंत्र घरी होतं. भाऊबीजेला दुपारभर तुम्ही ते उघडून बसला होतात. मी आईला कौतुकाने सांगत होते की दादा सुट्टीतसुद्धा माझंच काम करतो! राज्य बदलून चार दिवस झाले नव्हते. मी तुम्हाला ओवाळलं, आणि तुम्ही ही ओवाळणी घातलीत. वर मला तीनदा स्पिरिटने घासायला लावलंत. स्पिरिटने माझी नखं सोलली, आणि तुम्ही तिकडे आल्याचा रस सांगत होतात!

का केलंत, एवढंच लिहा. माझ्या भल्यासाठी, असं लिहू नका. ते मला ऐकवत नाही. लोभ आहे तेवढाच पुरे, वाढवू नका.

कोकिळा


नागपूर,
ता. १ मार्च १९५७

चि. कोकिळा हिस,
आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

हो, मी वाकवली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी काकांनी मला बोलावून सांगितलं की पोरगी आता हिंदी कागदातही ळ घालेल आणि नव्या साहेबांशी वाद घालेल, अशानं तिला काढतील. तूच काही कर, म्हणाले. समजावून तू ऐकणार नाहीस हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. वाटलं, अक्षर अडकलं की कंटाळशील, ल ची सवय होईल, नोकरी वाचेल. मी तिकडे नसतो, आईचं सगळं तुझ्यावर आहे, त्याची भीती वाटली. तुझ्याशी भांडायची हिंमत झाली नाही, म्हणून यंत्राला धरलं.

परवा दुकानात एका गिऱ्हाईकाच्या यंत्राची दांडी सरळ करत होतो, तेव्हा हात थांबला. लाज वाटते गं. रजा काढून येतो आणि माझ्या हातानं नीट करून देतो. क्षमा कर.

तुझा,
लीलाधर


बुऱ्हाणपूर,
ता. ३० मार्च १९५७

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

रजा काढू नका. दांडी मीच सरळ केली. आईच्या सांडशीला फडकं गुंडाळलं आणि केसभर केसभर वळवत आणली. दोन दिवस लागले. आता कागदाची चिंधी दोन्हीकडून जाते आणि ळ दाबल्याबरोबर वर जाऊन खाली येतो. हे पत्र त्याच यंत्रावर टाइप केलंय, म्हणजे तुम्हाला ळ नीट दिसेल.

अर्ज दिला. 'कोकिळा' अकरा वेळा लिहिलं, दोन वेळा पुरलं असतं. प्रभाकरकाकांनी तो साहेबांपुढे ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांना चार माणसांत म्हणाले की बाबा असते तर तुम्ही हे केलं असतं का. ते चष्मा पुसत बसले.

साहेबांनी सांगितलं की नोंदवही सुधारायची तर कागद वर जाणार, तोवर कायम करता येणार नाही. सहा महिने आणखी टेम्पररी, पुढचं तेव्हा बघू. ल वर सही केलीस तर आजच हुकूम निघतो. एका अक्षरासाठी कशाला नुकसान करून घेतेस, असंही विचारलं. मी म्हटलं, कागद वर पाठवा. बाहेर आल्यावर तांब्याभर पाणी प्यायले, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

सहा महिन्यांनी काढलंच तर तुम्हाला आणि काकांना खरं ठरल्याचं समाधान मिळेल. ते मला मात्र लिहून कळवू नका.

आईला सगळं सांगितलं. ती दोन दिवस जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली की पोरगा चुकला, पन हाय तर आपलाच, आखाजीला बोलाव. तिच्या सांगण्यावरून लिहिते, अक्षय्यतृतीयेला या. आई वाट पाहते आहे. मी अजून पाहत नाही.

तुमची बहीण,
कोकिळा