फुकटची छत्री

कशेळे,
१० नोव्हेंबर २०२४

चि. सिद्धांतास अ. आ.

समिधाचा खोकला थांबला का? मला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून सुनेची चौकशीही पत्रातच करावी लागते. तेवढं लिहून कळव.

तू पाठवलेला डिशवाला राजेश मंगळवारी टीव्हीची फुकटची छत्री बसवून गेला आणि रिचार्जचा जुना डबा काढून घेऊन गेला. चित्र छान दिसतं. पण आमची मराठी मालिका लागते तो चॅनल यात नाही. शेजारची सुंदरा रोज दिवेलागणीला ती बघायला यायची. माझ्या कानाशी तोंड आणून, कोण खोटं बोललं, कोण रडलं, सगळं ओरडून सांगायची. मध्येच घरातलंही सांगायची. मालिकेतल्या थोरल्या सुनेचा खटला ऐन निकालावर आला होता. नव्या छत्रीवर दोन दिवस हिंदी कुस्त्या बघितल्या तिनं, आता येत नाही. खालच्या आळीत नणंदेकडे जाते. जमलं तर जुनंच चालू कर, बाबा.

माया असू दे.

तुझी आई
अनसूया


नेरळ,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आईस शि. सा. न.

समिधा बरी आहे. तुझं पत्र वाचून आम्ही दोघंही हसलो. अगं, आम्हीसुद्धा डिश बंद केली. सगळं मोबाइलवर फुकट दिसतं, दर महिन्याला रिचार्ज कशाला करत बसायचं? राग मानू नकोस, पण तुला एक शब्द ऐकू येत नाही. नुसती चित्रंच बघायची, तर कुठलीही चालतील. सुंदराबाईंना एवढी हौस असेल तर त्यांनी आपल्या घरी डिश घ्यावी. गावाला टीव्ही दाखवायचा मक्ता आपण घेतलेला नाही.

दिवाळीला यायचं राहून गेलं. नाताळच्या सुट्टीत बघतो.

तब्येतीला जप, आमच्यावर लोभ ठेव.

तुझा
सिद्धांत


कशेळे,
२५ नोव्हेंबर २०२४

सिद्धांतभाऊंना सुंदराचा नमस्कार.

माझी सून लिहून देते हाय. शनिवारी तुमाला दोनदा फोन लावला, तुमी कामात हाय म्हणून माझं ऐकायच्या आधीच ठेवलात. म्हणून नेरळच्या जीपवाल्याकडं ही चिठ्ठी देते.

शुक्रवारी दिवेलागणीला काकी मागल्या दारी पडल्या. त्या येळंला मी रोज त्यांच्याकडंच असायची. त्या दिवशी नणंदंकडं मालिका बघत बसले होते. सकाळी दूध द्यायला गेले तवा दिसल्या. थंडीनं आखडून गेल्या होत्या. आमी जीप करून कर्जतला नेलं. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करायचं हाय.

मला माझी लाज वाटते, भाऊ. पन तुमालाबी इचारते. मालिका बंद केलीत, तुमचं येणंबी बंद केलंत, मग त्यांच्याकडं बघायचं कोनी?

चिठ्ठी भेटताच निघा. जास्ती बोलले असंन तर सांभाळून घ्या.

सुंदरा


कशेळे,
१२ डिसेंबर २०२४

चि. सिद्धांतास,

तू दवाखान्यात आलास, दोन दिवस राहिलास, पायांवर डोकं ठेवून रडलास. परत निघताना जुना रिचार्ज पुन्हा सुरू केल्याचं कागदावर लिहून दाखवलंस. राजेश येऊन डबाही लावून गेला. टीव्ही पुढच्या खोलीत आहे. मी मागच्या खोलीत खाटेवर. मला उठता येत नाही.

सुंदरा दोन्ही वेळा येते. अंग पुसते, पेज भरवते. मी सांगितलं, बाई, तुझी मालिका लाव. लावत नाही. माझ्या कानाशी तोंडही आणत नाही आता. खाली मान घालून काम करते आणि जाते. जे झालं ते तिच्यामुळं झालं असं तिनं धरून ठेवलंय. तुला तसं वाटत नसावं, कारण रिचार्ज केल्यावर तुझा चेहरा लगेच मोकळा झाला.

मला चित्रं कुठलीही चालतील असं तू लिहिलं होतंस. चालली असती रे. मला ती बाई हवी होती.

रिचार्ज संपला की पुन्हा करू नकोस. यायचं तर ये, नाहीतर राहू दे.

त्या संध्याकाळी मागल्या दारी पडल्यावर मी हाका मारल्या. सुंदराचं घर भिंतीपलीकडे, पण तोंडात नाव तुझंच आलं. बराच वेळ मारत होते. आवाज निघत होता की नाही, तेही मला कळत नव्हतं.

समिधास आशीर्वाद.

अनसूया